शोरूमचं पॅकेज, सिरॅमिक, पीपीएफ की मेणाचा डबा: गाडीच्या रंगावर पैसे कुठे लावावेत

बुकिंग झालं, कर्जाचे कागद झाले, दसऱ्याचा मुहूर्त ठरला, की शोरूममध्ये शेवटचा एक कागद पुढे सरकतो. ‘पेंट प्रोटेक्शन पॅकेज’. कधी त्याचं नाव टेफ्लॉन, कधी सिरॅमिक, हल्ली ग्राफीन. आकडा साधारण १५ ते ३० हजार. लाखांच्या हिशोबात तो किरकोळ वाटतो आणि मुहूर्ताच्या घाईत कोणी घासाघीस करत नाही. आमचं मत आधीच सांगतो: बाजारातल्या चार पर्यायांत हा सगळ्यात वाईट. बाकीचे तीन, म्हणजे स्टुडिओत लावतात ते खरं सिरॅमिक, पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायची प्लॅस्टिकची फिल्म) आणि मेण, ज्याच्या-त्याच्या जागी ठीक आहेत, पण रोज सकाळी गाडीवरून फिरणारं फडकं बदललं नाही तर त्यांतला एकही टिकत नाही.

आधी राखायचं आहे ते किती जाड आहे ते बघा. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. चकाकी याच अर्ध्या कागदात असते आणि उन्हापासून रंगाला वाचवणारे घटकही यातच असतात. गल्लीतल्या गॅरेजात ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं की गाडी नव्यासारखी दिसते ती हाच थर घासल्यामुळे. मशीनने कंपाउंड (घासायची पेस्ट) मारलं की दर वेळी मायक्रॉन-दोन मायक्रॉन जातात, कधी जास्त. दरवर्षी दिवाळीला रबिंग करणाऱ्या गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर काही वर्षांनी पांढुरके पोपडे दिसायला लागतात. तिथे मग पॉलिशचा उपयोग नाही, पॅनेल रंगवावंच लागतं.

हा थर खराब होतो तो मुख्यतः फडक्याने. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा माणूस महिन्याला पाचएकशे रुपयांत एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा-बारा गाड्या उरकतो. दुसऱ्या गाडीपर्यंत त्या फडक्यात वाळू बसलेली असते. पुण्या-नाशकाच्या बांधकामांची धूळ म्हणजे बरीचशी क्वार्ट्‌झ, आणि क्वार्ट्‌झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा, दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उमटतील. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त दिसत नाहीत. दोष त्या माणसाचा नाही, तेवढ्या पैशात दुसरं काही होणारही नाही. त्याला सांगा: काचा आणि चाकं पूस, बाकी गाडीवर नुसतं पाणी मार. फार तर आपले दोन मायक्रोफायबर त्याच्या हाती द्या, फक्त आपल्या गाडीसाठी. कोरड्या धुळीवर फिरवायची ती दांडीवाली झटकणी मात्र डिकीतून काढूनच टाका.

आता शोरूमचं पॅकेज. टेफ्लॉन म्हणजे तव्यावर असतं ते पीटीएफई. ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणून तव्यावर बसवताना भट्टीत भाजावं लागतं. गाडी कोणी भट्टीत घालत नाही. ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा साधं पॉलिमर सीलंट, जे आपल्याकडच्या उन्हापावसात तीन-चार महिने टिकतं. सिरॅमिक नावाचं पॅकेज असेल तर एकच प्रश्न विचारा: गाडीला किती वेळ लागेल? ‘दोन तासांत देतो’ हे उत्तर आलं तर ते सिरॅमिक नाही, फवारा आहे. वॉरंटीचं कार्डही तिथेच वाचा. ‘५ वर्षं’ मोठ्या अक्षरात असतं. दरवर्षीची पैसे भरून करायची सर्व्हिस चुकली तर वॉरंटी रद्द, आणि ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग यांना ती लागू नाही, हे बहुधा बारीक अक्षरात.

खरं सिरॅमिक ही चांगली वस्तू आहे, फक्त तिच्याकडून भलती अपेक्षा नको. सिलिकावर आधारलेला हा थर वाळल्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन उरतो. त्यावर पाणी थांबत नाही, चिखल लवकर सुटतो, गाडी धुवायला निम्मा वेळ लागतो. ‘९एच’ म्हणून जे सांगतात ती पेन्सिलची मोजणी आहे: ९एच शिशाच्या पेन्सिलने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या कठीणपणाची मोजपट्टी वेगळी. वाळूचा कण दोन्ही पट्ट्या वाचत बसत नाही, तो ओरखडा काढतोच. दगड उडून रंगाचा टवका निघतो, तो तर या थराला कळतही नाही.

चांगल्या स्टुडिओत लहान एसयूव्हीला साधारण १५ ते ४० हजार घेतात, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पैसे खरं म्हणजे आधीच्या तयारीचे असतात. नवी गाडीही कोरी नसते. कारखान्यातून ट्रेलरने किंवा रेल्वेने येते, यार्डात उन्हात आठवडेच्या आठवडे उभी असते. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. रव्यासारखं खरखरीत लागलं तर लोखंडाचे कण आणि धूळ रुतलेली आहे. आधी आयर्न रिमूव्हर मारतात, तो लोखंडाला लागला की जांभळा होऊन ओघळतो. मग शॅम्पूच्या पाण्यावर क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा), मग लागेल तेवढंच पॉलिश, मग पॉलिशचं तेल उतरवायला अल्कोहोलचा हात. हे सगळं झाल्यावर बाटली उघडायची.

बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. मध्यम आकाराच्या गाडीला ३० ते ५० मिली लागतं आणि उघडी बाटली हवेतल्या दमटपणाने घट्ट होत जाते. गेल्या आठवड्यातली उरलेली बाटली तुमच्या गाडीवर संपवली जाऊ शकते, त्यामुळे हा आग्रह धराच. दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन लावायचं, मिनिट-दोन मिनिटांत इंद्रधनुषी झाक आली की पुसून सपाट करायचं. उशीर झाला तर तिथे तेलकट गडद चट्टा बसतो, आणि तो पुसून जात नाही, पॉलिश करूनच काढावा लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हे काम करणाऱ्याकडे असे चट्टे हमखास. गाडी ताब्यात घेताना ट्यूबलाइटच्या उजेडात प्रत्येक पॅनेल तिरक्या नजरेने बघा, विशेषतः टप, कारण तिथे कोणाची नजर जात नाही. पहिले २४ तास पाणी नको, आठवडाभर शॅम्पू नको. पावसाळ्यात बंद शेडमध्ये गाडी ठेवून घेणार नसतील तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

पीपीएफ म्हणजे फिल्म. दगडापासून वाचवणारा हा एकच पर्याय, कारण ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर डंपरमागून किंवा मुंबई-गोवा महामार्गावर कामाच्या खडीतून रोज जाणाऱ्याला तिचे पैसे वसूल होतात, तेही पुढच्या भागापुरतेच: बंपर, बॉनेट, आरसे, दाराच्या कडा. पूर्ण गाडीला ७० हजार ते दीड लाख आणि पुढेही घालणं हा हौसेचा भाग आहे. हौसेला मोल नाही, फक्त रीसेलच्या नावाखाली ती करू नका.

इथे फसवणूक होते ती मालात. फिल्म टीपीयूची (थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन, रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक) हवी. पीव्हीसीच्या जातीची स्वस्त फिल्म टीपीयू म्हणून खपवली जाते आणि दीड-दोन वर्षांत पांढऱ्या गाडीवर पिवळी पडते. एक तुकडा मागून घ्या आणि ताणून सोडा. टीपीयू रबरासारखा मागे येतो, पीव्हीसी लांबलेला तसाच राहतो. त्याच तुकड्यावर पितळी ब्रशने बारीक ओरखडे काढून गरम पाणी ओता. चांगल्या टीपीयूवर ते डोळ्यांदेखत मिटतात. रोल तुमच्यासमोर उघडू द्या, त्यावरचा नंबर बिलावर घ्या. कापणी प्लॉटरवर (संगणकावरच्या मापाने फिल्म कापणारं यंत्र) होते की गाडीवर ठेवून कटरने, हे विचारा. कटरच्या पात्याने पॅनेलच्या कडेला पडलेली चीर फिल्मखाली लपते आणि फिल्म काढल्यावर गंजाच्या रेषेसारखी समोर येते. पॅनेल कधी काळी बाहेर रंगवलेलं असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर काढताना फिल्मबरोबर रंग सोलून येऊ शकतो. ताज्या रंगावर निदान महिनाभर काहीच लावायचं नसतं: फिल्म नाही, सिरॅमिक नाही, मेणही नाही. आतलं सॉल्व्हंट बाहेर पडावं लागतं.

उरला चौथा पर्याय, ज्याची जाहिरात कोणी करत नाही. कार्नोबा मेणाचा डबा पाचएकशे रुपयांत मिळतो आणि वर्षभर पुरतो. बोटाच्या पेराएवढं मेण ओल्या स्पंजावर घेऊन एका पॅनेलला लावायचं, पाच-दहा मिनिटांनी धूसर झालं की कोरड्या मायक्रोफायबरने उतरवायचं. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदे दुखतात. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग धरतं. विदर्भातल्या उन्हात हा थर महिना-दीड महिना टिकतो, सावलीतल्या गाडीवर दोन महिने. एवढा वेळ नसेल तर सिलिका मिसळलेला स्प्रे सीलंट हजार-बाराशेला येतो. धुतलेल्या ओल्या गाडीवर चालणारा घ्या, अर्ध्या तासात काम होतं आणि दोन-तीन महिने टिकतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या, शहरातच चालणाऱ्या गाडीला आम्ही हाच सांगू.

धुण्याचं पाणी हा आपल्याकडचा वेगळाच घोळ. बोअरचं जड पाणी पत्र्यावर वाळलं की चुन्याचे गोल डाग बसतात आणि उन्हात ते क्लिअर कोटमध्ये खात जातात. पाणी वाचवायचं म्हणून बऱ्याच घरांत आरओचं टाकाऊ पाणी गाडीला वापरतात. हेतू चांगला, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. चाकं आणि मडगार्डची आतली बाजू त्याने धुवा. शेवटचा हात मारायला एसीच्या नळीखाली बादली लावून साठवलेलं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतातच. डाग बसलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मिनिटभर ठेवून भरपूर पाण्याने धुवा, उन्हात नको. त्याने मेण उतरतं, म्हणून नंतर परत लावा. भांडी घासायच्या लिक्विडनेही तेच होतं.

कबुतरांची विष्ठा मात्र दुपारपर्यंत थांबत नाही. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, वरची विष्ठा वाळून आक्रसते आणि ठसा कायमचा राहतो. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवा, मग उचला, घासू नका. दसऱ्याच्या झेंडूच्या हाराचंही असंच: ओला हार बॉनेटवर चार दिवस राहिला तर पिवळा पट्टा उमटतो. पूजेच्या आदल्या दिवशी मेणाचा एक हात द्या, पूजेच्या दुसऱ्या दिवशी हार उतरवा आणि हळदीकुंकू कोरडं पुसायचं सोडून पाण्याने ओघळू द्या. गाडीवरचं कव्हर धुळीच्या गाडीवर घातलं तर तो पॉलिशपेपरच, आणि पावसात हवा न खेळणारं कव्हर नकोच.

राहिला रीसेलचा प्रश्न, ज्याच्या नावावर ही सगळी पॅकेजं विकली जातात. जुन्या गाडीचा जाणता गिऱ्हाईक चकाकी बघत नाही. तो रंगाची जाडी मोजायचं मीटर काढतो आणि प्रत्येक पॅनेलचे मायक्रॉन मोजतो. सगळीकडे शंभर-सव्वाशे आणि एका दारावर अडीचशे, म्हणजे ते दार रंगवलेलं. पाचशेच्या वर गेलं तर खाली पुट्टी. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग तुटलाय का आणि दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, हेही तो बघतो. सिरॅमिकच्या बिलाचे तो वेगळे पैसे देत नाही. आणि पीपीएफ लावलेल्या बॉनेटवर तेच मीटर तीनशे दाखवतं! म्हणून फिल्मचं बिल आणि लावण्याआधीच्या मोजणीचे फोटो गाडीच्या फाइलमध्ये ठेवा, नाहीतर संरक्षणालाच अपघात समजून भाव पाडला जाईल. रंगीत फिल्म असेल तर आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग जुळत नाही, ही अडचण वेगळी.

विकायच्या आधी खर्च करायचाच तर हेडलाइटवर करा. उन्हाने पिवळट झालेली ‘काच’ म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक. १०००, २०००, ३००० नंबरचा ओला पॉलिशपेपर क्रमाने मारून पॉलिश केलं आणि वर यूव्ही थर दिला की दोन तासांत गाडी तीन वर्षांनी लहान दिसते. टूथपेस्टने होतं ते पंधरा दिवसांचं. दारावरचा छोटा ओरखडा मात्र राहू द्या. त्यासाठी विम्याचा क्लेम केलात तर पाच वर्षांत साठलेला ५० टक्के नो क्लेम बोनस जातो, आणि रंगवलेलं दार मीटरवर कायमचं दिसतं. बंपर खुशाल रंगवा. तो प्लॅस्टिकचा, मीटर त्यावर चालत नाही, आणि शहरातल्या गाडीचा बंपर एकदा तरी रंगवलेला असणारच हे घेणाराही धरूनच चालतो.