बॅगांवरची बुरशी: विक्रोळीत तळमजल्यावर दहा महिने करून पाहिलेले उपाय

गेल्या वर्षी गौरी यायच्या दोन दिवस आधी आईचा रेशमी बटवा काढायला कपाट उघडलं आणि वासानेच सगळं कळलं. ओल्या पुठ्ठ्याचा असतो तसा कुबट वास. वरच्या फळीवरच्या बाबांच्या लेदरच्या बॅगेवर राखाडी-हिरवट लव चढली होती. झाकणावर ठिपके, हँडलखाली रुपयाएवढे गोल डाग, आणि शिवणीच्या एकेका टाक्यात पांढरा कापूस ठासून भरावा तशी बुरशी. बाकीच्या बॅगा खाली काढल्या तर सातातल्या पाच बॅगांना कमीजास्त लागण झालेली.

आम्ही कन्नमवार नगरात तळमजल्यावर राहतो. पूर्वेला थोड्याच अंतरावर खाडी. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून होतं आणि पावसाचा मारा नेमका त्याच भिंतीवर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा ८०-९० टक्के दमट असते, हे बातम्यांत दर वर्षी ऐकत होते. तीच हवा बंद कपाटात महिनोन्‌महिने कोंडलेली असते, हा विचार मात्र कधी केला नव्हता. तेव्हापासून या जूनपर्यंत जे जे करून पाहिलं ते लिहिते आहे. कोणाची एखादी जपून ठेवलेली बॅग वाचली तरी खूप झालं.

पहिली चूक पहिल्या दहा मिनिटांतच झाली. कपाटासमोर बसून, पंखा चालू ठेवून मी सुक्या फडक्याने बॅग पुसायला घेतली. बुरशीच्या लवेत तिच्या बीजाणूंची भुकटी असते. ती घरभर उडाली. सासूबाईंना दमा आहे, त्या रात्रभर खोकत बसल्या. त्यानंतर प्रत्येक बॅग आधी मोठ्या पिशवीत घालून बाहेरच्या गॅलरीत नेते, कोविडच्या वेळचा एन-९५ मास्क आणि हातमोजे घालते, आणि पुसलेले फडके लगेच पिशवीत बांधून टाकते. घरात दम्याचं किंवा ॲलर्जीचं माणूस असेल तर यात कुचराई करू नका.

आता बाबांची बॅग. बाबा गोदीत क्लार्क होते. ही बॅग त्यांनी १९८४ साली धारावीत मापाने शिवून घेतली होती. झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेलं जुन्या पद्धतीचं जाड, तपकिरी कातडं आहे. अशा कातड्यावर बुरशी लवकर धरते. क्रोमने कमावलेल्या हल्लीच्या लेदरवर त्या मानाने उशिरा. वर गेली तीसेक वर्षं आई दर दिवाळीला त्याला खोबरेल चोळायची. माया म्हणून चोळायची, पण तेच तेल बुरशीला खाद्य झालं. लेदरला खोबरेल लावायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून मुद्दाम सांगते, लावू नका.

आधी मऊ बुटाच्या ब्रशने बाहेर सगळं झाडलं. मग औषधाच्या दुकानात मिळतं ते ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट, आणलं. ९९ टक्क्यांवालंही मिळतं, पण ते क्षणात उडून जातं. ७० टक्क्यांतल्या पाण्यामुळे ते पृष्ठभागावर थोडा वेळ टिकतं आणि बुरशी मारायला तेच बरं पडतं. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघणार नाही तिथे थेंबभर लावून पाहिलं तर फडक्यावर तपकिरी रंग उतरला. म्हणून निम्मं पाणी घातलं आणि फडका ओला न करता नुसता दमट करून पुसत गेले. टाक्यांसाठी कान साफ करायच्या कापसाच्या काड्या वापरल्या. एका काडीने तीन-चार टाके होतात, मग ती हिरवी पडते, टाकून द्यायची. एका बॅगेला अख्खी संध्याकाळ आणि साठेक काड्या लागल्या. हे द्रव्य पेट घेतं, त्यामुळे गॅसजवळ किंवा देवासमोरच्या निरांजनाजवळ बसू नका.

पुसून झाल्यावर झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत पंख्याखाली. उन्हात नाही. कडक उन्हात लेदर तडकतं आणि ते तडे पुढे भरून येत नाहीत. पूर्ण सुकल्यावरच लेदर कंडिशनरचा अगदी पातळ हात फिरवला. लव गेली, वास निम्मा गेला. हँडलखालचे डाग मात्र कातड्यात मुरले आहेत. ते फिके झाले, गेले नाहीत, आणि आता जाणारही नाहीत असं मी धरून चालले आहे.

तीन आठवड्यांनी बुरशी परत आली, तीही फक्त तळाच्या शिवणीतून. मी घाबरून बॅगा साफ करून देणाऱ्या एका दुकानात ती दिली. चांगले बाराशे रुपये घेऊन त्यांनी चकचकीत करून दिली. घरी येऊन तळ चाचपला तर बुरशीवरूनच पॉलिश मारलेलं. पंधरा दिवसांत पॉलिशच्या खालून पांढरं वर आलं. पैशांपेक्षा त्या बॅगेवर असं काम केल्याचा राग अजून जात नाही.

ती वाचवली स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवरच्या काकांनी. त्यांनी बॅग हातात घेतली, तळ अंगठ्याने दाबला, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "ताई, वरनं काय पुसता, रोग आत हाय." तळाचे टाके उसवले तर कातडं आणि अस्तर यांच्यामध्ये आकार यावा म्हणून घातलेला पुठ्ठा निघाला. काळा पडलेला, हाताने दाबला की भुगा होणारा. चाळीस वर्षांची खळ आणि ओल त्यात साठली होती. काकांनी तो काढून टाकला, आतून स्पिरिटने पुसायला मलाच लावलं, एक दिवस उघडी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकची पातळ शीट घालून जुन्याच भोकांतून शिवून दिली. अडीचशे रुपये. त्यानंतर आजपर्यंत त्या तळातून काही वर आलेलं नाही. बुरशी पुन्हापुन्हा एकाच जागी येत असेल तर वरचे उपाय थांबवा आणि आत काय आहे ते उघडून बघा.

मध्येच एक सांगायचं राहिलं. लेदरवर दिसणारं सगळं पांढरं बुरशीच असतं असं नाही. माझ्या एका काळ्या पर्सवर पांढरट साय आली होती, वास अजिबात नव्हता. ती कातड्यातली चरबी वर येऊन गोठलेली असते. केस वाळवायचा ड्रायर लांबून मंद फिरवला तर ती विरघळून दिसेनाशी होते. बुरशी अशी विरघळत नाही. एवढ्या एका परीक्षेने माझी एक बॅग विनाकारण घासण्यातून वाचली.

रेक्झिनच्या पर्सला पाणी आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात घेऊन पुसलं. एका दमात स्वच्छ झाली, वास दोन दिवसांत गेला. तिथे स्पिरिट नको, चकाकी मरते. पण त्याच पर्सचे कोपऱ्यात पोपडे सुटताहेत, त्याचा बुरशीशी संबंध नाही. दमट हवेत वरचा पॉलियुरेथेनचा थर स्वतःच विघटत जातो. त्यावर कसलाही उपाय नाही, पैसे घालवू नका.

कॅनव्हासचं दप्तर मुलगा तिसरीत असतानाचं. कॅनव्हास म्हणजे सूत, आणि सूत बुरशी खाते, नुसती वर बसत नाही. त्यामुळे काळे ठिपके धाग्यातच असतात. बाहेर झाडून, कोमट पाण्यात ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर घालून चार तास भिजवलं, घासलं, धुतलं आणि ऑक्टोबरच्या उन्हात उलटं करून दिवसभर टांगलं. ठिपक्यांची नुसती सावली राहिली. शेजारच्या वहिनींनी ब्लीच सुचवलं होतं. पट्ट्याच्या टोकाला लावून पाहिलं, निळा रंग जागच्या जागी उडाला, आणि ब्लीचने सुताचा कसही जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही लावू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्याशा मोरीत तो छातीत भरायला वेळ लागत नाही.

ह्यांची ट्रेकची सॅक नायलॉनची. बुरशी नायलॉन खात नाही, पण खांद्याच्या पट्ट्यांत मुरलेला घाम आणि माती खाते. साबणाचं कोमट पाणी, ब्रश, ऊन, काम झालं. लग्नात मिळालेली तागाची पिशवी दोनदा साफ केली, दोन्हीदा परत धरली. ताग पाणी सोडतच नाही. शेवटी टाकून दिली.

बटव्याला मात्र हात लावायची भीती वाटत होती. जरीकाठाचा, आईच्या शालूच्या तुकड्याचा आहे. आतल्या घडीत दमट काडी टेकवली तर राणी रंग लगेच काडीवर आला, म्हणजे ओलं काहीच नको. रंगाच्या मऊ ब्रशने, कापडाच्या विणीच्या दिशेने, श्वास रोखून झाडत गेले. मग उलटा करून तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन, रोज अर्धा तास. दोन पिवळट ठिपके आहेत. असू देत.

एवढं सगळं करूनही कपाट तेच राहिलं असतं तर पुढच्या श्रावणात पुन्हा तेच झालं असतं. लॅमिंग्टन रोडवरून साडेतीनशे रुपयांचा छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणला, आणि या दहा महिन्यांत मी घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. स्वस्तातल्या मापकावर विश्वास कसा ठेवायचा, तर त्याला सोपी परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी त्याचा ओलसर लगदा करायचा, ते झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर बंद करायचे. सकाळी आकडा ७५ यायला हवा. माझा ७९ दाखवत होता, म्हणून मी कायम चार वजा करते.

सप्टेंबरात कपाटाच्या आत वजा करून ८२ होते. साधारण ६५ च्या खाली बुरशीला वाढायला जड जातं, त्यामुळे तेच लक्ष्य धरलं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, नुसत्या तेवढ्याने आकडा पाचने उतरला. फळ्यांवरचं प्लास्टिक काढलं, बॅगांच्या प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या आणि त्यांना उशीचे जुने सुती अभ्रे चढवले. मग कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे दोन डबे ठेवले. आठवड्याभरात ६६. सप्टेंबरात एक डबा अठरा दिवसांत पाण्याने भरला, जानेवारीत ठेवलेला दोन महिने झाले तरी अर्धाच. त्या पाण्यापासून मात्र सांभाळा. एकदा डबा कलंडला आणि ते खारट, चिकट पाणी बाबांच्या बॅगेच्या पट्ट्याला लागलं. ते सुकत नाही, पुसूनही ओलंच राहतं. पट्ट्याचं टोक लाकडासारखं कडक झालंय. तेव्हापासून डबे खालच्या फळीवर, स्टीलच्या पातेल्यात ठेवते.

बॅगांच्या आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. प्रिन्सेस स्ट्रीटवरून अर्धा किलो सुटं आणलं, केशरी दाण्यांचं. निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो म्हणून ते नको म्हटलं. मलमलच्या पुरचुंड्या बांधून प्रत्येक बॅगेत एक. दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, पुन्हा केशरी. एकदाच खर्च आणि काही सांडायची भीती नाही. रेशमासाठी आणि लेदरसाठी मी हेच सुचवेन. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या. त्या कसर लागू नये म्हणून असतात, ओल शोषत नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या वासाखाली कुबट वास लपत होता, म्हणूनच आम्हाला बुरशी उशिरा कळली.

आणि लोकलमधून भिजून आलेली बॅग आता थेट कपाटात जात नाही. आधी रिकामी करायची, आतलं अस्तर बाहेर ओढायचं, रात्रभर पंख्याखाली खुंटीला.

दहा महिन्यांत बाबांची बॅग तीनदा तपासली. मार्चमध्ये कपाटात ५४ होते, आता पहिले दोन पाऊस पडून गेल्यावर ६४ झालेत. काल नवे डबे ठेवले, जेल तापवून घेतलं. बॅगेचा आतला कप्पा उघडला तेव्हा बाबांच्या विक्रोळी-सँडहर्स्ट रोड पासचं रेक्झिनचं पाकीट तिथेच होतं. तेही व्हिनेगरने पुसून वेगळ्या पुरचुंडीसकट ठेवलं. मग तळाच्या टाक्यांवरून बोट फिरवून पाहिलं. कोरडे होते.