लायब्ररीच्या कॅटलॉगला वाचकांचे टॅग, खूपच कामाची सोय

आमच्या लायब्ररीने ऑनलाइन कॅटलॉगला लायब्ररीथिंगची (वाचक आपल्या पुस्तकांची यादी करून त्यांना टॅग, म्हणजे स्वतःच्या शब्दांत विषयाची खूण, देतात ती वेबसाइट) सर्व्हिस जोडलीय (ही सर्व्हिस २००७ मध्ये सुरू झाली) आणि खरंच शोधणं सोपं झालंय. पहिल्या महायुद्धाचं काही हवं असेल तर अधिकृत विषय 'वर्ल्ड वॉर, १९१४-१९१८' असा, असं कोण टाइप करतं हो? वाचकांनी सरळ 'पहिलं महायुद्ध', 'खंदक', 'सैनिकांची पत्रं' असे टॅग दिलेत, एकावर क्लिक केलं की तसलीच आणखी पुस्तकं समोर. शिफारशीसुद्धा फक्त आपल्या लायब्ररीत असलेल्याच पुस्तकांच्या येतात, म्हणजे बघून हळहळायला नको, हे मला सगळ्यात आवडलं. एकच अडचण, कॅटलॉगमधल्या पुस्तकांशी जुळवणी आयएसबीएनवरून (पुस्तकावर छापलेल्या ओळख-क्रमांकावरून) होते आणि १९७० च्या आधीच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांवर तो नसतो, त्यामुळे त्यांच्याखाली काहीच दिसत नाही.