कमाटीबाग की व्हीआर हेडसेट?

आई ८१ वर्षांची. बडोद्यात दांडिया बाजारात दुसरा मजला, लिफ्ट नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचं कमाटीबागेत जाणं सुटलं, तेव्हा भाऊ म्हणाला, व्हीआर हेडसेट आणू, डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी दृश्य दिसतं तो. दोन्ही करून पाहिलं, म्हणून लिहिते.

माणसाला खाली उतरवता येत असेल, तर आधी बाग. सयाजीरावांनी १८७९ मध्ये लोकांसाठी केलेली ही बाग आईच्या पिढीचं अंगणच. ओल्या मातीचा वास, अंगावरचं कोवळं ऊन, "काकू, बरेच दिवसांनी!" म्हणत थांबणारं कुणीतरी, हेडसेटमध्ये यातलं काहीच नाही. पण खुर्चीसकट उतरवायला दोन माणसं लागतात. मे महिन्यात नऊनंतर ऊन सोसत नाही आणि पावसाळ्यात जिन्याची भीती.

हेडसेट लावला त्या दिवशी समुद्र दाखवला. लाट पायाशी आली आणि आईने बसल्या जागी निऱ्या उचलल्या. "अगं, भिजेल ना!" मग अर्धा तास माहेरचं गुहागर, सुरूचं बन, आजोबा. टीव्हीवर तोच समुद्र तिने मुकाट्याने पाहिला होता. टीव्हीभोवती औषधांचं टेबल दिसतच राहतं. इथे मान वळवली की पुढचं झाड दिसतं. मात्र टीव्ही सगळ्यांना मिळून पाहता येतो, आणि ज्यांना चक्कर येते त्यांच्यासाठी तोच बरा.

चक्कर येते, कारण डोळे सांगतात चाललोय आणि कानातला तोल सांगतो बसलोय. म्हणून कॅमेरा एका जागी स्थिर असलेलेच व्हिडिओ निवडा, ड्रोनचे नकोत. हातांची खुर्ची, सुरुवातीला पाच-सात मिनिटं, आणि शेजारी कुणीतरी हवंच. मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम, तेही सगळं पुढे. मान दुखरी असेल तर हा विचार सोडा. पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका. स्मृतिभ्रंश असलेलं माणूस अचानक घाबरू शकतं, तेव्हा हात धरून आधी सांगा.

आणि खिडकी विसरू नका. संशोधक रॉजर उल्रिच यांच्या १९८४ च्या अभ्यासात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. आम्ही पलंग कडुनिंबाकडे वळवला. फुकटात.

सध्या थंडीत रविवारी बाग, एरवी आठवड्यातून दोनदा हेडसेट. विकत घेण्याआधी ओळखीत कुणाचा मिळतो का बघा, आणि काय पाहायचंय ते त्यांनाच विचारा. आईला आता नर्मदेवरचा चांदोदचा घाट हवाय. भाचा ३६० अंशांचा कॅमेरा घेऊन पुढच्या आठवड्यात जाणार आहे.