अ‍ॅटोरवास्टॅटिन २० ची जेनरिक गोळी: ६५ नंतर सुरू केली, चौदा महिन्यांचा अनुभव

बाजारात, लग्नात, सप्त्यात कुठंही बसलं की कोणीतरी विचारतेच, "बाई तुमी ते कोलेस्ट्रॉलची गोळी घेता म्हणे, काही तरास नाही होत काय?" प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते, गोळीबद्दल पण आणि जिथून घेते त्या दुकानाबद्दल पण. मी वरुडकडच्या संत्र्याच्या गावातली, वय ६६, अंगणवाडी सेविका होते, ६५ ला सुटले. सात वर्षांपासून शुगर आहे.

खरं सांगायचं तर ही गोळी मला दोन वर्षं आधीच लिहून दिली होती आणि मी घेतलीच नाही. चिठ्ठी पर्समधे घडी करून तशीच. मनात एकच, मी ज्वारीची भाकर खाते, जवसाची चटणी खाते, अंडंसुद्धा महिन्यातून एखादं, अंगावर चरबी नाही, मला काय करते कोलेस्ट्रॉल. आणि एकदा सुरू केली की मरेपर्यंत सुटत नाही म्हणतात, त्याचीही भीती. मंग मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात माझ्या लहान भावाला अटॅक आला. वय ६१, बिडी नाही दारू नाही, वावरात राबणारा माणूस. छातीत नाही दुखलं, जबडा आणि डावा हात भरून आला, गॅस आहे म्हणून तीन तास घरी सोडा-लिंबू पीत बसला, मंग गाडी करून नागपूर, दोन स्टेंट. ते तीन तास आठवले की आजही पोटात कालवते. परत आल्यावर मी ती जुनी चिठ्ठी काढली आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पुन्हा रक्त दिलं. पैसे लागले नाहीत, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार फुकट केलेत, बऱ्याच बायांना हे माहीतच नाही.

रिपोर्ट असा होता: एकूण कोलेस्ट्रॉल २४१, एलडीएल म्हणजे खराब कोलेस्ट्रॉल १६२, एचडीएल म्हणजे चांगलं ४३, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १८०. डॉक्टरबाईंनी फक्त एलडीएलवर गोल केला आणि म्हणाल्या, "आजी, शुगर आहे अन् वय चाळिसाच्या वर आहे, म्हणजे हा आकडा थोडा कमी असता तरी मी गोळी दिलीच असती." मी म्हटलं मी तर तेलकट खातच नाही. तर त्यांनी जे समजावून सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. अंगातलं बहुतेक कोलेस्ट्रॉल ताटातून येत नाही, लिव्हर स्वतःच तयार करते. ज्याच्या घराण्यातच लिव्हर जास्त बनवते नाहीतर रक्तातून कमी उचलते, तो भाकर खाऊनही १६० वर जातो. आणि बाईची पाळी गेल्यानंतर एलडीएल आपोआप वर चढते, म्हणून चाळिशीत जिचा रिपोर्ट चांगला तिनं साठीत पुन्हा काढायलाच पायजे. हार्टचं दुखणं माणसांचं, बायांचं नाही, असं आपल्याकडं मानतात ना, तिथंच फसतो आपण.

आता गोळी काय करते ते. लिव्हर जिथं कोलेस्ट्रॉल बनवते तिथला एक महत्त्वाचा टप्पा ही गोळी अडवते. मंग लिव्हरला कमी पडते आणि ती रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेते. माझी भाची, भावाचीच पोरगी, अमरावतीला फार्मसी शिकते, तिनं अजून एक सांगितलं ते मला लय आवडलं. या जातीचं औषध पहिल्यांदा जपानच्या अकिरा एंडो नावाच्या माणसाला तांदळावरच्या बुरशीत सापडलं, १९७३ मधे, आणि या जातीची पहिली गोळी बाजारात आली १९८७ ला. म्हणजे कालपरवाचं औषध नाही, माझ्या भाचीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून जगभर लोक घेऊन रायले.

रोज रात्री जेवल्यावर एक. अ‍ॅटोरवास्टॅटिन तशी दिवसात केव्हाही चालते, मला रात्री लक्षात राहते म्हणून रात्री. ऑक्टोबरात सुरू केली, जानेवारीत पुन्हा रक्त दिलं, एलडीएल ९४. एकशे बासष्टवरून चौऱ्याण्णव! जवस, लसूण, अर्जुनसालीचा काढा, मोबाईलवर फिरते ते लिंबू-आलं-लसणाचं पाणी, हे सगळं मी दोन वर्षं करून पाहिलं होतं आणि आकडा एकदा १६८ होता एकदा १६२. जवसाची चटणी मी आजही खाते, चांगलीच आहे, पण चटणीनं जे होते आणि गोळीनं जे होते त्यात केवढा फरक आहे हे मी आकड्यात पाहिलं.

त्रासाचं आता सविस्तर, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच. डिसेंबरात कापूस वेचणीला जात होते आणि मांड्या, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की बाजेवरून उठवेना. शेजारीण म्हणाली, "हे त्या गोळीनंच होऊन रायलं वं माय, सोडून दे, माह्या सासऱ्यानं बी सोडली." मी दोन दिवस सोडलीही. मंग भाचीला फोन केला तर ती ओरडलीच, "आत्या, आपल्या मनानं नको सोडू, आधी सीपीके काढ." डॉक्टरबाईंनी सीपीके काढला, म्हणजे स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी, सोबत थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी पण पाहिलं. थायरॉइड कमी असलं की कोलेस्ट्रॉलही वाढते आणि स्नायूही दुखतात, मंग दोष सगळा गोळीवर जातो. माझा सीपीके नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, डी कमी निघालं. आणि खरं कारण म्हणजे ६५ व्या वर्षी दिवसभर वाकून कापूस वेचणं, दुसरं काही नाही. हंगाम संपला, दुखणं संपलं, गोळी चालूच होती.

भाचीनं लंडनचा एक अभ्यास सांगितला, २०२० ला छापून आला. ज्यांनी त्रास होतो म्हणून ही गोळी सोडली होती अशा ६० जणांना एक वर्ष आळीपाळीनं डब्या दिल्या, काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी, काही महिने रिकामी डबी. तर खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. दुखत होतं ते खोटं नव्हतं, माणसाला खरंच दुखत होतं, पण बहुतेक वेळा गोळीच्या भीतीनं. याचा अर्थ कोणालाच होत नाही असा नाही. ज्याला खरंच होते त्याला अंग जड पडते, ताकद जाते, लघवी गडद चहासारखी आली तर त्याच दिवशी दवाखाना. पण शेजारणीच्या सासऱ्याला झालं म्हणून मला होईल असं नसते.

शुगर या गोळीनं थोडी वाढू शकते, हे पण खरं आहे. मी तीन महिन्याची शुगर तपासत राहते, किंचित वर गेली होती, डॉक्टरबाई म्हणाल्या हार्टचा फायदा त्याच्यापेक्षा बराच मोठा आहे, चालू ठेवा.

आता माझी चूक. जानेवारीचा ९४ चा रिपोर्ट पाहून मला वाटलं, झालं बरं, आता काय गरज. फेब्रुवारीत पट्टी संपली आणि मी आणलीच नाही. कोणालाच सांगितलं नाही, भाचीलाही नाही. एप्रिलात रक्त दिलं तर एलडीएल १५७. गोळी सुटली की काही आठवड्यात लिव्हर आपलं जुनं काम सुरू करते आणि आकडा होता तिथं जातो. ताप उतरला की औषध बंद, तसं हे नाही. मी तीस वर्षं गावातल्या गरोदर बायांना लोहाच्या गोळीसाठी घरोघरी जाऊन सांगितलं, "बरं वाटलं म्हणून सोडू नको वं," आणि माझ्यावर आलं तेव्हा मीच सोडली, याचं मला फार वाईट वाटलं. गावात मी आता विचारते ना, तर दहातल्या कित्येकांचं हेच आहे, रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळं आला हो.

पुन्हा सुरू केली, जुलैत ९२. डॉक्टरबाईंना ७० च्या खाली पायजे होता. मी म्हटलं मंग ४० ची द्या, तर म्हणाल्या डोस दुप्पट केला तरी आणखी ६ टक्क्याच्या आसपासच उतरते, त्यापेक्षा दुसरी गोळी जोडू. इझेटिमाइब १० दिली, ती आतड्यातून कोलेस्ट्रॉल शोषू देत नाही. ऑक्टोबरात ६९.

संत्र्याचं पण लिहितेच, आमच्या घरात त्याच्यावरून मोठा घोळ झाला होता. जावयानं मोबाईलवर वाचलं की या गोळीसोबत संत्र चालत नाही, आणि घरासमोर आंबिया बहाराचे ढीग पडलेले! दोन दिवस मी फोडसुद्धा खाल्ली नाही. ते ग्रेपफ्रूट आहे, आपलं नागपुरी संत्र नाही. ग्रेपफ्रूटमधे एक घटक असतो, त्याच्यानं पोटात ही गोळी लवकर मोडली जात नाही आणि रक्तात जास्त जाते. आपल्याकडचं पपनस त्याच जातीतलं, ते मी टाळते. संत्र बिनधास्त, फक्त शुगर आहे म्हणून एक-दीड, आणि रस काढून नाही. कोणी दुसऱ्या डॉक्टरनं घशासाठी अँटिबायोटिक दिलं, खासकरून क्लॅरिथ्रोमायसिन, नाहीतर बुरशीची इट्राकोनाझोल दिली, तर मात्र सांगायचं की मी अ‍ॅटोरवा घेते.

आता दुकान. बसस्टँडजवळचं जेनरिक मेडिकल, नाव देत नाही. भावाला नागपूरला कंपनीची पट्टी लिहून दिली होती, त्याच ताकदीची जेनरिक मला त्याच्या चौथाईपेक्षाही कमीत पडते, औषध तेच. दुकानातला पोरगा चांगला आहे, म्हाताऱ्या माणसाला स्टूल देतो, पट्टीवर पेनानं "रात्री" लिहून देतो, एक्स्पायरी दाखवतो. तक्रार एकच पण मोठी. ऑगस्टात अ‍ॅटोरवा २० नव्हती तर मला रोसुवास्टॅटिन २० देऊन म्हणे, "एकच हाय आजी, दोन्ही कोलेस्ट्रॉलच्याच." एकच नाही! रोसुवा २० ही अ‍ॅटोरवा २० पेक्षा बरीच जोराची आहे, मी भाचीला फोटो पाठवला म्हणून समजलं. परत केली, त्यानं घेतली, माफीही मागितली, पण ज्या आजीला वाचता येत नाही तिचं काय. म्हणून रिकामी पट्टी सोबत नेत जा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवून घ्या. कंपनी बदलली चालते, औषधाचं नाव आणि आकडा बदलला चालत नाही.

मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, टिनाखालच्या खोलीत गोळ्या ठेवू नका. मी धाब्याच्या खोलीतल्या देवळीत स्टीलच्या डब्यात ठेवते. माठाजवळ नाही, तिथं ओल असते.

कोणी ७५ च्या वरचं असेल आणि हार्टचं, शुगरचं काहीच नसेल, तर त्यांच्यासाठी नव्यानं सुरू करण्याचा फायदा अजून तेवढा पक्का सिद्ध नाही, तिथं डॉक्टरशी बसून बोलूनच ठरवा. पण ज्याला अटॅक येऊन गेला, स्टेंट आहे, त्यानं वय कितीही असो, आपल्या मनानं सोडू नये. माझा भाऊ ८० ची घेतो, त्याला काही त्रास नाही.

गोळीला पाचपैकी पाच. दुकानाला साडेतीन, त्या ऑगस्टच्या पट्टीसाठी दीड कापला. तिथं जायचं तर सकाळी दहाला जा, बाजाराच्या दिवशी दुपारून पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच गर्दीत पट्ट्या बदलतात.