पिकअपच्या हौद्यासाठी ताडपत्री: कापडी, एचडीपीई की पीव्हीसी?

ताडपत्री घ्यायला गेलं की जो तो आधी विचारतो, "पाणी आत येणार नाही ना?" कापडी म्हणजे मेण चढवलेली सुती, एचडीपीई म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली, पीव्हीसी म्हणजे कापडावर प्लास्टिकचा जाड थर दिलेली. नवी असेपर्यंत या तिन्हींतून सहसा पाणी येत नाही. मी आधी दोन गोष्टी विचारीन. हौद्यात जास्त करून माल कुठला असतो? आणि रात्री भाडं मारून परत आल्यावर ओली ताडपत्री पसरायला जागा आहे का? पैशांचा हिशोब यानंतर.

माल हौद्याच्या बाजूच्या फळ्यांच्या वर जात नसेल तर 9 फुटी हौद्याला 12 बाय 9 ची ताडपत्री पुरते. म्हणजे साधारण 10 चौरस मीटर. 200 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाची) एचडीपीई घेतली तर 2 किलो, 600 जीएसएमची पीव्हीसी घेतली तर 6 किलो. कापडी 500 च्या आसपासची असली तर कोरडी 5 किलो भरते, पण भिजली की एकट्याने ओढवत नाही. एकटेच गाडी चालवत असाल तर याचा विचार कराच.

कांदा, बटाटा, भाजी नेणाऱ्याला मी अजूनही कापडीच सुचवतो. ओतूरहून कांदा भरून माळशेज घाटातून वाशीला चाललो होतो. वर नवीकोरी एचडीपीई, चारही बाजूंनी करकचून आवळलेली. घाटात धो धो पाऊस, पण आत थेंब गेला नाही. तरी उतरवताना वरच्या थरातल्या गोण्या ओल्या निघाल्या. ताडपत्री उलटून पाहिली तर आतल्या बाजूला दवासारखे थेंब लोंबत होते. कांद्याचीच वाफ, तिला बाहेर जायला वाट मिळाली नव्हती. कापडीचं तसं होत नाही. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं बुजवतो, पाऊस थांबला की तेच कापड पुन्हा वारा घेतं.

पण कापडीला निगा लागते, आणि ती रोजची लागते. ओली घडी दोन-तीन दिवस तशीच राहिली तर काळे ठिपके पडतात, कुबट वास येतो, आणि पुढे त्या जागी बोट घातलं तरी कापड फाटतं. धुताना साबण, सोडा, कपड्यांची पावडर काहीही नको, त्याने वरचं मेण निघून जातं. चिखल वाळू द्या, काथ्याच्या ब्रशने झाडा, साध्या पाण्याने धुवा आणि दोन्ही बाजू खडखडीत वाळवा. पाणी वर न थांबता झिरपायला लागलं की पावसाळ्याआधी पुन्हा मेण चढवून घ्या. फाटली तर सुतळी-दाभणाने घरी शिवता येते, हा तिचा मोठा गुण.

खत, सिमेंट, घरसामान, किराणा असा कोरडा माल नेणाऱ्याने सरळ पीव्हीसी घ्यावी. आतलं कापड पॉलिएस्टरचं, जोड गरम हवेने चिकटवलेले, त्यामुळे टाक्यांतून गळायची भीती नाही. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर ती स्वच्छ होते. सिमेंटची भुकटी मात्र आधी कोरडीच झाडा. पाणी मारलंत तर तिथेच खडा धरतो आणि खरवडताना वरचा थर जातो. चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवायची सवय अनेकांना आहे. कृपा करून ते करू नका. दोन दिवस ती नव्यासारखी दिसते, पण डिझेलने प्लास्टिकमधला मऊपणा निघून जातो आणि घडीवर चिरा पडायला लागतात. थिनर, रॉकेलचंही तेच. ठेवताना घडीपेक्षा गुंडाळी बरी.

एचडीपीईबद्दल थोडक्यात. महिन्यातून दोन-चार भाडी असतील किंवा जादाची म्हणून गाडीत ठेवायची असेल तर जरूर घ्या. तिच्यावर आयएस 7903 चा, म्हणजे एचडीपीई ताडपत्रीच्या भारतीय मानकाचा, मार्क आहे का ते बघा. तिला पाणी मारत नाही, ऊन मारतं. गाडी उभी असली की काढून सावलीत ठेवा. वाऱ्यावर फडफडली तर कडा आधी जातात, म्हणून दोरी ढिली सोडू नका. कडक ब्रशने घासू नका. वरून पापुद्रे सुटायला लागले की तिच्यावर परत थर चढत नाही, भोकाला दोन्ही बाजूंनी टेप लावून थोडे दिवस निघतात, एवढंच.

माल मिश्र असेल आणि दारात वाळवायला मोकळी जागा नसेल, तर पीव्हीसी घ्या. भाजीच्या फेरीला पाऊस नसेल तेव्हा फाळक्याकडची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडची, बाजू वीतभर वर बांधा, म्हणजे वाफ निघून जाईल. कुठलीही घेतलीत तरी हौद्याचे चारही कोपरे जिथे घासतात तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा. ताडपत्री मधोमध क्वचित फाटते, जाते ती याच कोपऱ्यांवर.