प्लगमध्ये लावायचा पॉवर मीटर: आठ महिने वापरल्यानंतर

पहिले काही दिवस मी हा मीटर चुकीच्या पद्धतीने वापरला. दिसेल त्या उपकरणाला लावायचा, पडद्यावरचे वॅट वहीत टिपायचे आणि पुढच्या सॉकेटकडे वळायचं. त्या वहीप्रमाणे इस्त्री सगळ्यात खर्चिक ठरली आणि फ्रिज अगदी किरकोळ. पण 1000 वॅटची इस्त्री तापली की थर्मोस्टॅट तिला थांबवतो, आणि माझ्याकडे ती आठवड्यातून तासभरच चालते. फ्रिज मात्र रात्रंदिवस चालू. आता मी मीटर एकाच उपकरणाला आठवडाभर लावून ठेवते आणि शेवटी फक्त युनिट वाचते.

फ्रिजचंच सांगते. कॉम्प्रेसर चालू असताना 110 वॅट, बंद झाला की एक-दोन, आणि मधूनच काही मिनिटं 180. हा आकडा बघून मी घाबरले होते, पण फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर असतो, तो अधूनमधून लागतोच. आठवड्याची बेरीज 9.4 युनिट आली. दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं तर 11.8! हवा तशीच, आतलं सामानही तेवढंच. दारात कागद धरून ओढून बघितला, तर खालच्या कोपऱ्यात तो सहज निसटत होता. दाराचं रबर बदललं, पुढच्या आठवड्यात 9.1. बिलात सगळं घर एकत्र मोजलं जातं, त्यामुळे तिथे हे मला कधीच दिसलं नसतं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मीटर घेतल्याचा मला आनंद आहे.

सेट-टॉप बॉक्स चालू असताना 11 वॅट घेतो आणि रिमोटने बंद केल्यावर 9. हे 9 वॅट वर्षभरात जवळपास 79 युनिट होतात, म्हणून आता बटण भिंतीवरूनच बंद. वॉशिंग मशीन थंड पाण्यात एका धुण्याला 0.15 युनिट घेतं, 60 अंशांवर 0.95. सगळी वीज पाणी तापवण्यात जाते, ड्रम फिरवायला फारच थोडी लागते.

आता उणिवा. मोबाइलचा नुसता लावून ठेवलेला चार्जर मीटरवर शून्य दाखवतो. इतका लहान भार त्याला पकडताच येत नाही. एक्स्टेंशन बोर्डवर जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब सोबत लावला आणि त्याचा आकडा वजा केला, तर अंदाज येतो: अर्ध्या वॅटच्याही आत. वीज गेली की माझ्या मीटरमधली बेरीज पुसली जाते, हे फार त्रासदायक आहे. सहा दिवसांची मोजणी दोनदा वाया गेली. घेताना नोंद टिकते का, हे नक्की विचारा. अँपिअर आणि व्होल्ट गुणून वॅट काढू नका. माझ्या फ्रिजचे 0.8 गुणिले 230 म्हणजे 184 होतात, खरे वॅट 110. पॉवर फॅक्टर (म्हणजे खरे वॅट भागिले हा गुणाकार) 0.6 असल्याने हा फरक पडतो.

माझा मीटर 10 अँपिअरचा आहे. 2000 वॅटच्या गिझरला लावला तेव्हा अर्ध्या तासात प्लग चांगलाच तापला. त्यानंतर तसं केलं नाही, तुम्हीही करू नका.

छताच्या पंख्याला प्लगच नसतो. त्यासाठी बाकी सगळं बंद करून घराच्या मुख्य मीटरवरच्या लाल दिव्याची लुकलुक मोजली. माझ्या मीटरवर एका युनिटला 3200 पल्स असं छापलंय. दोन लुकलुकींमध्ये 15 सेकंद गेले, म्हणजे पंखा 75 वॅटचा.