उघडं ग्रॅफाइट, मुलामा दिलेलं ग्रॅफाइट की ग्रॅफाइटच नको?

मोल्टन सॉल्ट अणुभट्टीचा, म्हणजे वितळलेल्या क्षारात इंधन विरघळवून चालवायच्या भट्टीचा, आराखडा निवडताना ग्रॅफाइटचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. न्यूट्रॉन मंदावण्यासाठी ते उत्तम. वितळलेला फ्लुओराइड क्षार त्याला भिजवत नाही, त्यामुळे त्याच्या बारीक रंध्रांत शिरतही नाही. विखंडनातून, म्हणजे इंधनाचे अणू फुटून, जन्मलेली मूलद्रव्यं मात्र ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, आणि तीही दोन वेगळ्या वाटांनी. एका वाटेवरचा इलाज दुसरीला चालत नाही.

पहिली वाट वायूंची. झेनॉन आणि क्रिप्टॉन क्षारात जेमतेम विरघळतात, पण रंध्रांत सहज झिरपतात. सुमारे ९ तास अर्धायुष्याचा झेनॉन-१३५ तिथे बसून न्यूट्रॉन गिळतो. झेनॉन-१३७ चार मिनिटांच्या आत निम्मा होतो आणि त्याचं सीझियम-१३७ बनतं. एरवी क्षारातच राहिलं असतं ते सीझियम अशा रीतीने ग्रॅफाइटच्या पोटात सापडतं.

दुसरी वाट नायोबियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम, टेल्युरियम यांची. क्षारात त्यांना थारा नसतो, म्हणून समोर येईल त्या पृष्ठभागाला ती चिकटतात आणि बहुतांशी वरच्या थरातच राहतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या प्रायोगिक मोल्टन सॉल्ट अणुभट्टीत (१९६५ ते १९६९) ठेवलेले ग्रॅफाइटचे नमुने बाहेर काढून, एकेक पातळ थर खरवडून तपासले, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला. नायोबियम क्षाराच्या रासायनिक स्थितीनुसार वागतं: त्रिसंयुजी (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) युरेनियमचं प्रमाण वाढलं की ते क्षार सोडून पृष्ठभागावर जमतं.

आता पर्याय. उघडं ग्रॅफाइट स्वस्त आणि अनुभवातलं. हेलियमच्या साहाय्याने झेनॉन सतत बाहेर काढत राहिलं, तर त्याचा त्रास बराच कमी होतो.

कार्बनच्या दाट मुलाम्याने रंध्रं बंद केली की वायूंची वाट अडते. दुसऱ्या वाटेच्या नायोबियमसारख्या धातूंना त्याने काही फरक पडत नाही. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली हा मुलामा खराब होतो. थोरियमपासून नवं इंधन पैदा करायचं असेल, म्हणजे एकेका न्यूट्रॉनचा हिशेब ठेवायचा असेल, तरच ही खटपट करावी असं मला वाटतं.

ग्रॅफाइटच नसलेली वेगवान न्यूट्रॉनची भट्टी वरवर सुटसुटीत वाटते. रंध्रांचा प्रश्न तिथे नाहीच. पण ते धातू जातील कुठे? ओक रिजला ते ग्रॅफाइटपेक्षा धातूच्या पृष्ठभागांवर जास्त दाट बसले होते, आणि टेल्युरियममुळे भट्टीच्या निकेल-मिश्रधातूला कणसीमांवर (धातूतल्या सूक्ष्म कणांच्या सांध्यांवर) उथळ तडे गेले होते. ग्रॅफाइट काढून टाकलं तर हा सगळा भार उष्णता-विनिमयक आणि पंपावर येतो.

पहिलीच भट्टी असेल तर मी उघडं ग्रॅफाइट आणि चांगली वायू-निष्कासन व्यवस्था निवडेन. मात्र ग्रॅफाइट कायमचं नसतं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते आधी आकसतं, मग फुगतं. ओक रिजच्या १००० मेगावॉटच्या आराखड्यात ते दर ४ वर्षांनी बदलायचं होतं. पोटात सीझियम घेऊन बाहेर येणाऱ्या त्या ठोकळ्यांची जागा आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरून ठेवा.